मोलावांचून मिळणारें मासिक

ज्या घरांत दहा-बारा माणसें एका चुलीवरचें जेवतात त्या घरांत मासिक हें बहुतेकांस फुकटच मिळत असतें. वर्गणी भरणारा एक, वाचणारे दहा. अंक आला कीं तो प्रथम आजोबांच्या हातीं जातो. दुपारीं सुना-लेकी त्यांतील गोष्टी वाचतात. संध्याकाळीं मुलें चित्रें पाहतात. आणि आठवड्याभरांत शेजारची मंडळी तो मागून नेतात ती परत करावयाचें विसरतात. या दहांपैकीं नऊ जणांस अंकाची किंमत विचारली तर सांगतां यावयाची नाहीं. तेव्हां ‘विनामूल्य मासिक’ हे शब्द ऐकून आमच्या वाचकांनीं दचकण्याचें कारण नाहीं. प्रश्न एवढाच कीं, असल्या मासिकाच्या कुटुंबांत कर्ता कोण?

समकालीन चित्रकला आणि ज्यास हल्लीं ‘स्वतंत्र संगीत’ म्हणतात तें संगीत, या दोन विषयांस वाहिलेलीं आणि वाचकाकडून एक पैहि न घेतां वांटलीं जाणारीं नियतकालिकें पाश्चात्य देशांत पुष्कळ वर्षें निघत आलीं आहेत. पुस्तकांचीं दुकानें, उपाहारगृहें, चित्रप्रदर्शनांचीं दालनें यांच्या दारांत त्यांचे गठ्ठे ठेवलेले असतात. येणाऱ्यानें एक अंक उचलावा आणि चालूं लागावें. समकालीन कला म्हणजे हयात चित्रकारांची, आज चाललेली कला, हें सांगावयास नको. ‘स्वतंत्र संगीत’ या शब्दास मात्र थोडा खुलासा पाहिजे. जें गाणें चित्रपटाकरितां बांधलेलें नाहीं, ज्याच्या पाठीशीं मोठी ध्वनिमुद्रण-कंपनी नाहीं, ज्याचा कवि, गायक आणि विक्रेता बहुधा एकच असतो, तें स्वतंत्र संगीत. मुंबईच्या ‘स्वदेशी’ नांवाच्या तरुण मंडळीनें २०१९ सालीं ‘द वारली रिव्होल्ट’ हें गाणें केलें; त्यांत आरेच्या जंगलांत राहणारे वारली कलावंत प्रकाश भोईर यांचा सहभाग आहे आणि विषयहि जंगलाचाच आहे. असलीं गाणीं ज्यांच्या कानांस रुचत नाहींत त्यांनींहि हें कबूल केलें पाहिजे कीं, त्यांजविषयीं विचारपूर्वक लिहिणारा कोणी नसेल तर चांगलें कोणतें आणि नुसता गलबला कोणता, हें नव्या पिढीस कोण सांगणार? आम्ही त्यांस ओरडून सांगूं तें तर ती ऐकावयाची नाहीं.

आतां कर्ता कोण तें पाहूं. न्यूयॉर्क शहरीं १९५५ सालीं ‘व्हिलेज व्हॉइस’ हें साप्ताहिक निघालें. नाटकें, चित्रें, संगीत यांवरील परखड टीकेबद्दल त्याची मोठी ख्याति होती. १९९६ सालीं त्यानें किंमत घेणें सोडलें आणि जाहिरातींवर संसार चालविला. परंतु भाड्याच्या खोल्या, नोकऱ्या, जुन्या वस्तु यांच्या ज्या बारीक जाहिरातींवर असलीं पत्रें जगत त्या इंटरनेटनें ओढून नेल्या, आणि २०१७ सालीं छापील अंक थांबला. लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ची गोष्ट याहून बोलकी आहे. हें संगीतविषयक साप्ताहिक १९५२ पासूनचें. २०१५ सालीं त्याचा खप सुमारें १५,००० वर उतरला होता. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत चालकांनीं तें फुकट वांटावयास आरंभ केला आणि प्रतींचा आंकडा ३,००,००० वर गेला. वीसपट वाचक! आणि मार्च २०१८ मध्यें, म्हणजे अडीच वर्षांच्या आंत, छापील अंक बंद. कर्ता जाहिरातदार होता. त्याला दुसरीकडे स्वस्तांत सोय झाली, तो घर सोडून गेला. वीसपट वाचकांस त्यास अडवितां आलें नाहीं, कारण त्यांचा त्या घरावर कांहीं हक्कच नव्हता. वर्गणीदार निदान रागावून पत्र तरी लिहितो.

पण मासिक बंद पडलें ही आमच्या दृष्टीनें मोठी हानि नव्हे. वस्तु जन्मास येतात तशा जातातहि. मोठा धोका मासिक चालूं असतांनाच असतो. ज्या दालनाची जाहिरात चौथ्या पानावर आहे त्या दालनांतील चित्रांस सहाव्या पानावर सुमार म्हणावयास छाती लागते.

संस्कृत वाङ्मयांत हा प्रश्न जुना आहे, आणि तो एका नाटकांत यावा ही त्यांतली गंमत. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य, श्रेष्ठ कोण, या वादावरून हमरीतुमरीवर येतात. दोघेहि राजवाड्याचे पगारी. विदूषक राणीस सुचवितो कीं, या दोन एडक्यांची टक्कर पाहून घ्यावी, नाहीं तर यांस फुकाचा पगार कशासाठीं चालूं ठेवावयाचा? पुढें गणदास आवेशानें जें बोलतो त्याचा आशय असा कीं, जो केवळ उदरभरणासाठीं विद्या बाळगतो तो विद्येचा दुकानदार होय. पगार घेणाऱ्या माणसाच्या तोंडीं हे उद्गार घालणारा कवि चांगलाच मिस्किल असला पाहिजे. मग परीक्षक कोणी व्हावें हा प्रश्न निघतो. राजा हरदत्ताच्या बाजूचा, राणी गणदासाच्या. म्हणून उभयतांकडून कांहीं न घेणारी कौशिकी परिव्राजिका मध्यस्थ ठरते. प्रथम ती विनयानें राजाकडे बोट दाखविते आणि म्हणते कीं, शहर जवळ असतां रत्नाची पारख खेड्यांत कशाला करावी? सारांश, टीकाकार कोणाचें मीठ खातो हें पाहून त्याचा कौल मानावा, ही दृष्टि कालिदासाच्या प्रेक्षकांसहि होती. (परिव्राजिकेच्या प्रत्येक सूचनेनें अखेर राजाचीच सोय होते, ही गोष्ट निराळी. निःस्पृह परीक्षकहि तपासून घ्यावा लागतो.)

आपल्या मराठी मुलखांत या कर्तेपणाचे तऱ्हेतऱ्हेचे प्रयोग होऊन गेले आहेत. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं मुंबईस असतांना ‘संगीत दर्पण’ नांवाचें मासिक चालविलें होतें. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणणारा हा थोर पुरुष. परंतु मासिक थोडेच दिवस टिकलें. गवयानें गावें, शिष्य तयार करावे आणि शिवाय मासिकाचे हिशेबहि ठेवावे हें कसें जमावें? याच्या उलट ‘संगीत कला विहार’. १९४७ सालीं निघालेलें हें गांधर्व महाविद्यालय मंडळाचें मुखपत्र प्रा. बा. र. देवधर यांनीं वर्षानुवर्षें संपादिलें. त्यामागें एक संस्था होती, तिच्या परीक्षा होत्या, परीक्षांस बसणारे विद्यार्थी होते. संस्थेच्या आश्रयास स्थैर्य असतें. मात्र नव्या आणि अडनिड्या गोष्टींस संस्थेच्या ओसरीवर जागा उशिरां मिळते.

तिसरा प्रकार कारखानदाराच्या आश्रयाचा, आणि त्याचें उदाहरण बहुतेक मराठी घरांत ठाऊक आहे. १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालें तें कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस व्हावी म्हणून. नांगरांची जाहिरात करावयास निघालेल्या त्या पत्राचें शंकरराव किर्लोस्करांच्या हातीं घराघरांत वाचलें जाणारें मासिक झालें. पुढें त्यास ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) अशीं भावंडेंहि झालीं. संपादक स्वतः चित्रकार होता याचा गुण अंकाच्या प्रत्येक पानावर दिसे. तेव्हां जाहिरातीच्या पोटीं जन्मलेलें सारेंच वाईट, असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. कर्ता जाणता असला म्हणजे त्याच्या पैशानें अनेकांचें कल्याण होतें. पण दर कारखान्यास एक शंकरराव लाभत नाहीं.

चौथा प्रकार सर्वांत दरिद्री आणि आमच्या मतें सर्वांत शोधण्यासारखा. १९५५ च्या सुमारास मुंबईंत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ प्रभृति अगदीं कोवळ्या वयाच्या मंडळींनीं ‘शब्द’ नांवाचें अनियतकालिक काढलें. तें छापखान्यांत छापलेलें नव्हतें, चक्रमुद्रित होतें. ज्यांनीं शाळेंत चांचणीच्या प्रश्नपत्रिका काढल्या आहेत त्यांस सायक्लोस्टाइल यंत्राची ओळख पटेल: मेणाच्या कागदावर अक्षरें कोरावयाचीं, रुळास शाई लावावयाची, दांडा फिरवावयाचा, आणि शंभर-दोनशें प्रतींनंतर अक्षर फुटूं लागलें कीं कपाळास हात लावावयाचा. १९६३ सालीं अशोक शहाणे यांनीं ‘असो’ काढलें. भालचंद्र नेमाडे यांनीं ‘वाचा’ चालविलें. या पत्रांची भाषा पुष्कळदां आमच्या पिढीस खटकते, आणि त्यांतील कित्येक मजकूर घरांत सर्वांसमक्ष वाचण्याजोगा नाहीं, हें आम्ही येथें स्पष्ट सांगतों. परंतु त्यांत एक गोष्ट अशी होती कीं जी मोठमोठ्या सजलेल्या मासिकांत नसते. लिहिणारा, काढणारा आणि पैसे घालणारा हे तिघे एकच होते. कोलटकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले; जाहिरातींच्या आरेखनांत त्यांनीं मोठें नांव मिळविलें. पोट जाहिरातीवर, पण कवितेच्या पानावर जाहिरात नाहीं! त्यांच्या ‘जेजुरी’स १९७७ सालचें राष्ट्रकुल काव्य-पारितोषिक मिळालें तेव्हांहि त्यांनीं आपला बाणा बदलला नाहीं, पुढचीं पुस्तकेंहि त्यांनीं मित्राच्या, म्हणजे शहाण्यांच्याच, लहानशा ‘प्रास’ प्रकाशनाकडे दिलीं.

बडोद्याचें ‘वृश्चिक’ याच जातीचें, आणि तें तर चित्रकारांनींच काढलेलें. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर हे त्याचे संपादक. काळ १९६९ ते १९७३. लिनोवर कोरलेलीं चित्रें, कविता, आणि दिल्लीच्या ललित कला अकादमीच्या कारभारावर कठोर टीका असा त्याचा संसार. खक्कर हे हिशेबनीस. दिवसा जमाखर्च लिहावयाचा आणि उरलेल्या वेळांत चित्रें काढावयाचीं. पैशाची किंमत ज्यास आंकड्यांत कळत होती तोच असल्या आतबट्ट्याच्या व्यवहारांत पडला. अकादमीवर टीका करणाऱ्या पत्रास अकादमीचा आश्रय घेऊन चालत नाहीं, आणि चित्रें विकणाऱ्या दलालांचाहि नाहीं. मग उरतो तो स्वतःचा खिसा. खिसा लहान असतो. म्हणून असलीं पत्रें पांच-दहा वर्षें जगतात आणि थांबतात. ‘अनियतकालिक’ हा शब्दच किती प्रामाणिक आहे! पैसे जमले कीं अंक निघेल, असें तो पहिल्या पानावरच सांगून टाकतो.

येथवर सारी गोष्ट मुंबई, बडोदें आणि लंडन यांची झाली. आमचें चौसाळें सोलापूर-धुळें महामार्गावरचें गांव. उत्तरेस बीड, दक्षिणेस धाराशिव. दिवसभर एस्. टी. गाड्या जातात-येतात, पण चित्रांचें दालन येथें नाहीं, आणि जेथें दालन नाहीं तेथें दालनाच्या दारांतला फुकट गठ्ठाहि नाहीं. म्हणजे विनामूल्य मासिक हें ज्यांस विकत घेतां येण्यासारखें असतें त्या शहरवासीयांसच फुकट मिळतें; ज्यास तें दुर्मिळ त्यास दाम देऊनहि मिळत नाहीं. यास केवळ चालकांची उदासीनता कारण नव्हती, कायदाहि होता. १८९८ च्या पोस्ट कायद्याच्या ९ व्या कलमान्वयें वर्तमानपत्र म्हणून नोंद होऊन टपालाचा स्वस्त दर मिळावयाचा तर दोन अटी होत्या: अंक ३१ दिवसांहून अधिक अंतरानें निघतां कामा नये, आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असली पाहिजे. अनियतकालिक पहिल्या अटींत बसत नसे आणि विनामूल्य मासिक दुसरींत. सरकारच्या लेखीं दाम देणारा तोच वाचक! तो कायदा आतां राहिला नाहीं. २०२३ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली. पण सव्वाशें वर्षें या व्यवस्थेंत फुकटच्या अंकाचे पाय शहराच्या वेशींतच अडकले.

यानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. तर बिघडलें तें असें. आमच्या भागांतील शाळांतून दर वर्षीं मुलें-मुली चित्रकलेच्या ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या सरकारी परीक्षांस बसतात. कांहींचा हात खरोखरीच चांगला असतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सर्व कांहीं तीं परीक्षेपुरतें करतात. वाढीव गुण मिळतात म्हणून पालकहि खूष असतात. आणि मग हात थांबतो. हयात असलेल्या एकाहि चित्रकाराचें नांव या मुलांस सांगतां येत नाहीं, अस्सल तैलचित्र त्यांनीं जन्मांत पाहिलेलें नसतें, आणि चित्रकला हा परीक्षेबाहेर चालणारा व्यवहार आहे ही वार्ताच त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. ज्यास परिव्राजिकेच्या भाषेंत शहर म्हणावें तें येथून दूर आहे; रत्न मात्र खेड्यांतहि निपजतें. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन, जे पूर्वीं व्यवसायानें क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर होते, यांनीं २००८-०९ च्या सुमारास समकालीन चित्रांचें एक प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रांतील शहराशहरांतून फिरविलें. चित्रांनींच प्रेक्षकांकडे चालत जावें ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. तालुक्याच्या गांवापर्यंत प्रदर्शन नेणें अवघड आहे. सोळा पानांचा अंक नेणें अवघड नाहीं.

फुकट मिळणारी कला आमच्या खेड्यांस अगदींच अपरिचित आहे असें मात्र नाहीं. किराणा दुकानदारानें आणि औषधवाल्यानें दिवाळींत दिलेलें कॅलेंडर हें आमच्या घरांतील चित्रदालन होतें. रघुवीर मुळगांवकरांच्या देवदेवता, दीनानाथ दलालांनीं रंगविलेलीं दिवाळी अंकांचीं मुखपृष्ठें आमच्या गृहिणींनीं वर्ष सरल्यावरहि टाकून दिलीं नाहींत. कांच बसवून देवघराजवळ लाविलीं. त्यांवर कोणाच्या तेलाचें वा साबणाचें नांव आहे याकडे कोणीं पाहिलें नाहीं.

आणि बीड जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर एक दाखला चारशें वर्षांपूर्वींचा आहे. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१-१६१५) यांनीं कापडाच्या एका लांबच लांब पासोडीवर पंचीकरणाचा विषय ओव्यांनीं आणि आकृतींनीं मांडला. ती पासोडी सुमारें ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. याच सत्पुरुषानें नाना रागांतील पदेंहि विपुल रचलीं. अक्षर, आकृति आणि गाणें हीं तिन्हीं एका माणसाच्या ठायीं, कोणाकडून दाम न घेतां! पासोडी हें मासिक नव्हे हें आम्हांस कळतें. परंतु ४० फुटांचें कापड पसरून लोकांस विषय समजावून देणारा मनुष्य ज्या जिल्ह्यांत होऊन गेला तेथील मुलांनीं चित्रें केवळ तळहाताएवढ्या कांचेवर पाहावीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

तळहाताएवढी कांच म्हणजे अर्थातच मोबाइल. हल्लीं असें म्हणतात कीं, छापील अंकाची आतां गरजच काय? सारें त्या कांचेंत फुकट आहे. १९८७ सालीं सतीश नाईक यांनीं ‘चिन्ह’ हा कलाविषयक वार्षिक अंक काढला आणि मराठींत चित्रकलेवर गंभीर लेखनाचें दालन उघडलें; त्यांनींहि पुढें इंटरनेटचा मार्ग धरला. तें योग्यच झालें. गाण्याच्या बाबतींत तर मोबाइलचा उपकार नाकारतां येणार नाहीं, कारण गाण्याचें वर्णन दहा पानें वाचण्यापेक्षां तें एकदां ऐकावें. परंतु कांचेंतील फुकटपणाचाहि कर्ता आहे. तो कोठें राहतो तें दिसत नाहीं, आणि मोबदल्यांत तो पैशाऐवजीं आपल्या मुलांचा वेळ घेतो. एक चित्र पाहून पुरें होत नाहीं तों तो दुसरें पुढें सरकवितो. छापील अंक पडून राहतो. चार दिवसांनीं पुनः उघडला तर तेंच चित्र तेथेंच असतें, आणि आजोबांनीं समासांत केलेली खूणहि असते.

म्हणून मराठींत असें मासिक कोणी काढीत असेल तर त्यानें तें फुकट काढावें कीं चार आणे घ्यावे, या वादांत आम्ही पडत नाहीं. आमची मागणी निराळी आहे. या अंकाचा कागद कोणाच्या पैशानें आला, छपाई कोणाच्या, आणि ज्या चित्रकाराची अथवा गायकाची स्तुति आंत केली आहे त्याचा संपादकाशीं देण्याघेण्याचा संबंध आहे कीं नाहीं, हें पहिल्याच पानावर छापावें. दुसरें असें कीं, शंभर प्रती शहराच्या दालनांत ठेवावयाच्या असतील तर दहा बाजूस काढून तालुक्याच्या गांवांकडे जाणाऱ्या एस्. टी. गाडीनें पार्सल कराव्या. तो खर्च कोणीं सोसावा? येथें मात्र आम्हांस घराकडे बोट दाखवावें लागतें. ज्या कुटुंबांत मुलीच्या शिकवणीवर आणि मुलाच्या मोबाइलवर दरमहा खर्च होतो त्यास वर्षाकांठीं अशा एका पार्सलाचें भाडें जड जाऊं नये.

अंक उतरवून घेण्यास जागा आहेच. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाच्या व्यवस्थेंत गांवोगांवच्या वाचनालयांस अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान मिळतें, आणि तेथील टेबलावर नियतकालिकें मांडलेलीं असतात. नोंदवहींत वर्गणीची रक्कम लिहावयाची असते. फुकट आलेल्या अंकापुढें तेथें काय लिहावें अशी अडचण ग्रंथपालास पडेल. मिळालेल्या पुस्तकांपुढें जें लिहितात तेंच लिहावें, ‘भेट’, आणि त्यापुढें देणाऱ्याचें नांव व गांव.